वाचकांचे प्रश्न : अनुदान-प्रस्तावांचे ऑनलाइन परीक्षण आणि गुणांकन

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील महाविद्यालयांमधून या सदराकडे येणाऱ्या पत्रांत अलीकडे एक विषय वारंवार डोकावतो आहे. पूर्वी संशोधन-प्रस्ताव तपासण्याचे काम विद्यापीठांतील मोजक्या ज्येष्ठांकडे टपालाने येत असे. जाडजूड पाकीट, सोबत छापील गुणतक्ता आणि परतीचा पत्ता लिहिलेले दुसरे पाकीट, असा तो सरंजाम असे. आता तेच काम ईमेलमधील एका लिंकवरून येते आणि विट्याच्या किंवा जतच्या प्राध्यापकाकडेही येते. मात्र हे काम कसे करावे, हे त्या ईमेलमध्ये क्वचितच लिहिलेले असते. म्हणून या अंकात फक्त याच विषयावरील पत्रे घेतली आहेत. पत्रे संक्षिप्त केली असून पत्रलेखकांची नावे वगळली आहेत.

प्रश्न : केंद्र सरकारच्या एका निधी-संस्थेकडून मला प्रस्ताव-परीक्षणाची विनंती ईमेलने आली आहे. प्रमुख संशोधक शिवाजी विद्यापीठातील आहेत. माझे महाविद्यालय त्याच विद्यापीठाशी संलग्न आहे आणि माझी पीएच.डी.ही तिथलीच, परंतु विभाग वेगळा. प्रस्तावातील सहसंशोधकांबरोबर पाच वर्षांपूर्वी माझा एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला होता. मी ही विनंती स्वीकारावी का? आणि ती ईमेल खरी आहे हे कसे ओळखावे?
– सहयोगी प्राध्यापिका, कराड

उत्तर : आधी दुसरा भाग. केंद्राच्या विज्ञान-अनुदानाच्या रचनेत अलीकडे मोठा बदल झाला. ‘अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन’चा कायदा २०२३ मध्ये झाला, तो ५ फेब्रुवारी २०२४ पासून लागू झाला आणि २००८ च्या कायद्याने स्थापन झालेले जुने ‘एसईआरबी’ हे विज्ञान-संशोधनाला अनुदान देणारे मंडळ त्यात विलीन झाले. त्यामुळे ज्यांच्या इनबॉक्समध्ये जुन्या नावाने पत्रे येत असत, त्यांना नवे नाव पाहून शंका येणे स्वाभाविक आहे. खरेखोटे ठरवण्यासाठी ईमेलच्या पत्त्याचे शेपूट पाहणे पुरेसे नाही, कारण काही अधिकृत पोर्टलांचे पत्ते ‘गव्ह डॉट इन’ने संपत नाहीत. ईमेलमधील लिंकवर क्लिक न करता संस्थेच्या मुख्य संकेतस्थळावरून पोर्टल उघडावे आणि तिथे लॉगिन करावे. विनंती खरी असेल, तर ती आपल्या खात्यात दिसेल. परीक्षणाच्या नावाखाली कोणी बँक-खात्याचा तपशील किंवा ओटीपी आधीच मागत असेल, तर उत्तरच देऊ नये.

आता हितसंबंधांचा प्रश्न. केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने समीक्षक, समितीचे सदस्य, अर्जदार आणि अधिकारी या सर्वांसाठी हितसंबंधांच्या संघर्षाबाबत लेखी धोरण ठरवलेले आहे. आपल्याला आलेल्या विनंतीसोबतही घोषणापत्र असेलच. ते वाचल्याखेरीज खूण करू नये. परदेशांतील नियम तुलनेसाठी उपयोगी पडतात. अमेरिकेतील नॅशनल सायन्स फाउंडेशन गेल्या ४८ महिन्यांतील सहलेखन हे हितसंबंध मानते, तर पीएच.डी.चे मार्गदर्शक आणि विद्यार्थी हे नाते मात्र तिथे कायमचे गणले जाते. या मापाने आपला पाच वर्षांपूर्वीचा निबंध मर्यादेबाहेर जातो. तरीही तो घोषणापत्रात नमूद करावा, कारण मर्यादा ज्या त्या संस्थेची असते आणि निर्णय तिने घ्यायचा असतो. संलग्न महाविद्यालय म्हणजे ‘तीच संस्था’ की नाही, यावर सर्वांचे एकमत नसते. तेही लिहावे.

आपल्या भागात हा प्रश्न इतर ठिकाणांपेक्षा अवघड होतो. कोल्हापूर, सांगली आणि सातारा मिळून एकच विद्यापीठक्षेत्र असल्यामुळे बहुतेक विषयांत कोणी कोणाचा गाईड असतो, कोणी गुरुबंधू असतो, आणि उरलेले पाव्हण्यातले निघतात. प्रत्येक ओळख म्हणजे हितसंबंध नव्हे. प्रस्ताव मंजूर झाल्याने किंवा फेटाळला गेल्याने आपला काही लाभ किंवा तोटा होतो का, आणि तिऱ्हाईताला तसे वाटण्याजोगे कारण आहे का, हे दोन प्रश्न स्वतःला विचारावेत.

एक गोष्ट आग्रहाने सांगतो. बहुतेक पोर्टलांवर स्वीकृतीपूर्वी फक्त शीर्षक, सारांश आणि संशोधकांची नावे दिसतात, आणि संपूर्ण प्रस्ताव घोषणापत्रानंतर उघडतो. नकार द्यायचा असेल, तर तो याच टप्प्यावर द्यावा. दुसऱ्याची कल्पना पूर्ण वाचून झाल्यावर ‘हितसंबंध आहेत’ असे कळवण्याला काही अर्थ उरत नाही. पहिल्या दोन दिवसांत दिलेला नकार संस्थेला उपकारक असतो, आणि मुदतीच्या आदल्या रात्री दिलेला नकार अर्जदाराला महिनोन्महिने मागे ढकलतो.

प्रश्न : पोर्टलवर पाच निकष आहेत आणि प्रत्येकासमोर गुणांचा चौकोन आहे. खाली शेऱ्यासाठी मोठी जागा आहे, पण तिथे तारांकित खूण नाही, म्हणजे शेरा ऐच्छिक असावा. मी गुणांची बेरीज ७८ पर्यंत आणली आणि मग काय लिहावे हे सुचेना. शेवटी ‘विषय चांगला आहे, अंदाजपत्रक थोडे जास्त आहे, शिफारस करण्यास हरकत नाही’ असे लिहिले. हे पुरेसे आहे का?
– सहायक प्राध्यापक, तासगाव

उत्तर : पुरेसे नाही, आणि त्याचे कारण आपण केलेल्या कामाच्या क्रमात आहे. आधी गुण आणि मग शेरा असा क्रम ठेवला, की शेरा हा ठरलेल्या आकड्याचे समर्थन होऊन बसतो. पोर्टलवर गुणांचे चौकोन वर असतात म्हणून आधी तेच भरायचे, असे कोणीही सांगितलेले नाही. आधी प्रस्ताव वाचावा, वेगळ्या कागदावर बलस्थाने आणि उणिवा लिहाव्यात, त्यांतील कोणती उणीव दुरुस्त होण्याजोगी आहे आणि कोणती मुळावर येणारी आहे हे ठरवावे, आणि मग आकडा लिहावा. अशा आकड्याबद्दल कोणी विचारले तर उत्तर तयार असते.

समितीच्या बाजूने पाहा. तिच्यासमोर शेकडो प्रस्ताव असतात आणि प्रत्येकाला दोन-तीन परीक्षकांचे गुण असतात. ७८ हा आकडा तिला एवढेच सांगतो, की परीक्षक नाराज नाही. तो का नाराज नाही, त्याने कार्यपद्धती वाचली का, ‘अंदाजपत्रक जास्त’ म्हणजे उपकरण अनावश्यक आहे की प्रवासखर्च फुगवला आहे, यातले काहीच कळत नाही. त्यामुळे ज्या परीक्षकाने कारणे लिहिली आहेत त्याच्या आकड्याला वजन येते आणि आपला आकडा सरासरीत विरून जातो.

एक कल्पित उदाहरण घेऊ. कृष्णाकाठच्या क्षारपड जमिनींवर, म्हणजे मिरज-वाळवा पट्ट्यातल्या कोणाही शेतकऱ्याला ठाऊक असलेल्या समस्येवर, एक प्रस्ताव आला आहे. जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून निचरा केल्यावर मातीची क्षारता किती उतरते, हे अर्जदाराला मोजायचे आहे. यावर ‘विषय स्थानिक महत्त्वाचा आहे’ असा शेरा लिहिणे सोपे आहे, आणि तो खराही आहे, पण त्याने निर्णयाला काहीच मदत होत नाही. त्याऐवजी असे लिहिता येईल : ‘मातीचे सर्व नमुने एकाच उन्हाळ्यात घेण्याचे योजले आहे. पावसाच्या पाण्याने क्षार खाली वाहून जातात आणि उन्हाळ्यात बाष्पीभवनाने पुन्हा वर येतात. त्यामुळे पावसाळ्यापूर्वीचे आणि नंतरचे नमुने किमान दोन वर्षे घेतल्याखेरीज दिसलेला फरक निचऱ्यामुळे आहे की ऋतूमुळे, हे सांगता येणार नाही. निचरा न केलेले शेजारचे शेत तुलनेसाठी ठेवल्याचा उल्लेख नाही. या दोन दुरुस्त्या शक्य आहेत आणि त्यासाठी नवे उपकरण लागत नाही. सबब प्रस्ताव दुरुस्तीसह मंजुरीयोग्य वाटतो.’ एवढ्या मजकुरात समितीला निर्णय मिळतो, अर्जदाराला दिशा मिळते, आणि कार्यपद्धतीच्या निकषाला २० पैकी ११ गुण का दिले, हेही समजते.

निकषवार गुण देताना एकाच उणिवेची शिक्षा तीन ठिकाणी देण्याची चूक फार आढळते. नमुने अपुरे आहेत म्हणून कार्यपद्धतीत गुण कापले, मग ‘साध्य होण्याची शक्यता’ या निकषातही कापले आणि शेवटी संशोधकाच्या क्षमतेतही कापले, तर अर्जदाराचा एक दोष तिप्पट होतो. याउलट, संशोधकाचे शोधनिबंध कोणत्या नियतकालिकांत आहेत, त्यांचा ‘इम्पॅक्ट फॅक्टर’, म्हणजे तिथल्या निबंधांचा इतरांनी सरासरी किती वेळा संदर्भ घेतला तो आकडा, किती आहे, एवढे पाहून सर्वच निकषांत उदार होणारे परीक्षकही असतात. नियतकालिकाच्या आकड्यावरून संशोधकाची प्रत ठरवू नये, असे आवाहन करणारा सॅन फ्रान्सिस्को जाहीरनामा २०१२ च्या डिसेंबरातील बैठकीतून निघाला. तो आपल्याकडे भाषणांत उद्धृत होतो आणि गुणतक्ता समोर आला की विसरला जातो.

अनेक पोर्टलांवर शेऱ्याचे दोन चौकोन असतात, एक अर्जदाराला कळवण्याचा आणि दुसरा फक्त समितीसाठी. दुसऱ्या चौकोनात हितसंबंध, वाङ्मयचौर्याची शंका, किंवा प्रस्तावाचा एखादा भाग आपल्या तज्ज्ञतेबाहेरचा असल्याची कबुली लिहावी. पहिल्यात स्तुती आणि दुसऱ्यात निंदा, असा दुटप्पीपणा नसावा. ज्याला फेटाळले त्याच्या हाती फक्त स्तुती पडली, तर त्याने पुढच्या वर्षी काय सुधारायचे?

प्रश्न : अमेरिकेतील एनआयएचच्या, म्हणजे वैद्यकीय संशोधनाला निधी देणाऱ्या सरकारी संस्थेच्या, एका परीक्षण-मंडळावर मला बाहेरचा परीक्षक म्हणून बोलावले आहे. मी सर्वांत चांगल्या अर्जाला मसुद्यात ८ गुण लिहिले होते, ते पाहून माझ्या तरुण सहकाऱ्याने सांगितले की तिथे कमी आकडा चांगला असतो. हे खरे आहे का? शिवाय एकूण गुण हे निकषांची सरासरी नसतात, असेही तो म्हणतो. मग ते काढायचे कसे?
– वैद्यकीय संशोधक, मिरज

उत्तर : आपले सहकारी बरोबर सांगत आहेत आणि चूक वेळीच लक्षात आली हे बरे झाले. एनआयएचमध्ये २००९ पासून १ ते ९ हे माप वापरतात. तिथे १ म्हणजे असामान्य आणि ९ म्हणजे निकृष्ट. ५ या आकड्याचा अर्थ ‘चांगला’ असा आहे, आणि ८ म्हणजे जेमतेम. आपल्याकडच्या शंभरी गुणपद्धतीत मुरलेल्या माणसाला हे उलटे वाटते, म्हणून मापाचा तक्ता समोर ठेवूनच आकडे भरावेत. सगळ्या अमेरिकेत एकच पद्धत आहे असेही समजू नये. नॅशनल सायन्स फाउंडेशनमध्ये आकड्यांऐवजी ‘उत्कृष्ट’पासून ‘निकृष्ट’पर्यंत पाच शब्दश्रेणी आहेत, आणि बौद्धिक गुणवत्ता व व्यापक परिणाम या दोन कसोट्यांवर अभिप्राय मागतात.

दुसरी गोष्टही खरी आहे. २५ जानेवारी २०२५ पासूनच्या मुदतींना दाखल झालेल्या बहुसंख्य संशोधन-अर्जांसाठी एनआयएचने जुने पाच निकष तीन घटकांत बसवले आहेत. पहिला घटक संशोधनाचे महत्त्व, दुसरा काटेकोरपणा आणि व्यवहार्यता, तिसरा तज्ज्ञता आणि साधने. पहिल्या दोहोंना १ ते ९ गुण द्यायचे असतात. तिसऱ्याला गुण नसतात. तज्ज्ञता व साधने पुरेशी आहेत की नाहीत, एवढेच तिथे नोंदवायचे, आणि पुरेशी नसतील तर कारण द्यायचे. नामांकित विद्यापीठाच्या नावाला आपोआप गुण मिळू नयेत, हा या बदलामागचा एक हेतू होता, आणि छोट्या गावातल्या संस्थांत काम करणाऱ्या आपल्यासारख्यांना तो सहज पटावा.

एकूण गुण मात्र स्वतंत्रपणे द्यायचे असतात. हे संशोधन झाले तर त्या क्षेत्रावर त्याचा प्रभाव किती पडेल, याचा तो एकत्रित अंदाज असतो. समजा, महत्त्वाला आपण २ दिले आणि काटेकोरपणाला ६. सरासरी ४ येते. परंतु कार्यपद्धतीच ढासळलेली असेल, तर विषय कितीही महत्त्वाचा असला तरी हाती विश्वासार्ह काही लागणार नाही. म्हणून एकूण गुण ६ देणेही योग्य ठरू शकते. फक्त तसे का, हे अभिप्रायात लिहिलेले असावे.

आपण आधी जे गुण भरता ते प्राथमिक असतात. त्यांच्या आधारे वरच्या क्रमांकांच्या अर्जांवर बैठकीत चर्चा होते आणि उरलेल्यांवर होत नाही. म्हणजे प्राथमिक आकडा हलगर्जीने टाकला, तर एखादा अर्ज चर्चेपर्यंत पोहोचतच नाही. चर्चा झालेल्या अर्जांना मग हितसंबंध नसलेले मंडळाचे सर्व सदस्य अंतिम गुण देतात, त्यांची सरासरी काढून तिला दहाने गुणतात. २.३ अशी सरासरी आली तर अर्जदाराला २३ हा आकडा कळतो.

ऑनलाइन प्रणालीत हे काम टप्प्यांत चालते. पहिल्या टप्प्यात अभिप्राय आणि प्राथमिक गुण भरायचे, दुसऱ्यात इतरांचे वाचायचे, आणि बैठकीनंतर तिसऱ्यात आपला अभिप्राय सुधारायचा. स्वतःचा अभिप्राय न भरलेल्याला त्या अर्जावरचे इतरांचे अभिप्राय पाहू न देण्याची सोय प्रणालीत आहे, आणि ज्या अर्जाशी आपले हितसंबंध गुंतले आहेत त्याचे गुण व अभिप्राय आपल्याला दिसत नाहीत. तिसरा टप्पा पुष्कळ जण टाळतात. बैठकीत मत बदलून ५ चे ३ केले आणि लेखी अभिप्राय मात्र जुन्याच ५ ला साजेसा राहिला, तर अर्जदाराला हाती आलेल्या कागदांची संगती लागत नाही.

मुदतीच्या तासाकडेही लक्ष द्यावे. वॉशिंग्टनच्या वेळेनुसार सायंकाळी ५ ही मुदत असेल, तर मिरजेत उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशीचे पहाटे २:३० आणि हिवाळ्यात ३:३० वाजलेले असतात. जागरण नको असेल, तर आदल्या दुपारीच काम संपवावे.

प्रश्न : मराठीत लिहिलेला अभिप्राय पोर्टलवर चिकटवला की चौकोन-चौकोन दिसतात किंवा भलतीच अक्षरे उमटतात. दुसऱ्या एका ठिकाणी ‘३००० अक्षरांची मर्यादा ओलांडली’ असा संदेश आला, प्रत्यक्षात मजकूर दीड पानही नव्हता. आणि एकदा तासभर टंकून ‘सबमिट’ दाबले तर लॉगिनचे पान उघडले आणि सगळे गेले.
– मराठीचे प्राध्यापक, आटपाडी

उत्तर : पहिल्या तक्रारीचे मूळ जुन्या फाँटमध्ये आहे. श्रीलिपी किंवा आयएसएमच्या जुन्या फाँटांत टंकलेला मजकूर संगणकाच्या लेखी रोमन अक्षरांचाच असतो आणि फाँटमुळे तो देवनागरी दिसतो. पोर्टलवर तो फाँट नसल्यामुळे सोंग उतरते. युनिकोडमध्ये, म्हणजे इन्स्क्रिप्ट किंवा फोनेटिक कीबोर्डने, टंकावे. जुना मजकूर असेल तर परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणावा आणि नंतर रफार व जोडाक्षरे डोळ्यांखालून घालावीत. परिवर्तक संगणकावर बसवलेला असावा. गोपनीय अभिप्राय कुठल्यातरी संकेतस्थळावर नेऊन चिकटवणे योग्य नाही.

मर्यादेचे गणित असे आहे. ‘क्षारता’ हा शब्द आपण तीन अक्षरांचा मोजतो. युनिकोडमध्ये त्यात क, हलन्त, ष, काना, र, त, काना अशी सात चिन्हे असतात. काही पोर्टले तर चिन्हे न मोजता बाइट मोजतात, आणि प्रचलित यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. म्हणजे तो शब्द २१ जागा खातो. ३००० ची मर्यादा बाइटची असेल, तर मराठीत फक्त हजार चिन्हे मावतात. पोर्टल बनवणाऱ्याने इंग्रजीच गृहीत धरल्याचा हा परिणाम आहे. संस्थेला तसे लेखी कळवावे आणि तोवर अभिप्राय जोडपत्र म्हणून पीडीएफमध्ये देता येतो का, हे विचारावे.

तिसऱ्यावर उपाय सोपा आहे. चौकोनात थेट टंकू नये. नोटपॅडमध्ये लिहून फाइल जतन करावी आणि मग चिकटवावे, कारण ठरावीक वेळ पोर्टलवर हालचाल दिसली नाही, की बहुतेक प्रणाली आपल्याला बाहेर काढतात आणि चौकोनात टंकत राहणे ही हालचाल गणली जात नाही. ‘सेव्ह’ आणि ‘सबमिट’ यांतला फरकही लक्षात ठेवावा. सेव्ह केलेला अभिप्राय मसुदा म्हणून आपल्याच खात्यात पडून राहतो आणि मुदत संपल्यावर समितीच्या लेखी आपण काहीच दिलेले नसते. सबमिट झाल्याची पोच ईमेलने आली का, आणि स्थितीच्या रकान्यात ‘पूर्ण’ असे दिसते का, ही खात्री करूनच लॉगआउट करावे.

प्रश्न : माझे इंग्रजी बेताचे आहे. अभिप्रायाचे मुद्दे माझेच असतात, फक्त भाषा नीट करून घेण्यासाठी चॅटजीपीटीचा आधार घेतला तर काय बिघडले? प्रस्ताव मी त्यात टाकत नाही.
– प्राध्यापक, फलटण

उत्तर : आपला हेतू प्रामाणिक आहे, तरीही ते करू नये. एनआयएचने जून २०२३ मध्ये सूचना काढून परीक्षकांना अर्जांचे विश्लेषण करण्यासाठी आणि अभिप्राय तयार करण्यासाठी अशा साधनांचा वापर करण्यास मनाई केली. नॅशनल सायन्स फाउंडेशनने त्याच वर्षी डिसेंबरात प्रस्तावातील मजकूर तसेच परीक्षणाची माहिती मान्यता नसलेल्या साधनांत टाकण्यास बंदी घातली. परीक्षणाची माहितीही त्यात येते, हे लक्षात घ्यावे. प्रस्ताव टाकला नाही तरी अभिप्रायात प्रस्तावाची कल्पना, पद्धत आणि त्रुटी आलेल्याच असतात. भारतीय संस्थेसाठी काम करताना तिची सूचना पाहावी, आणि स्पष्ट सूचना नसेल तर गोपनीयतेच्या ज्या घोषणापत्रावर आपण खूण केली आहे ते पुरेसे बंधनकारक मानावे.

समिती आपल्या इंग्रजीला गुण देत नसते. ‘नमुने कमी आहेत, तुलनेचा गट नाही’ एवढे आखूड, साध्या इंग्रजीत लिहिले तरी चालते. किंबहुना गुळगुळीत इंग्रजीतले तीन परिच्छेद वाचून काहीच हाती न लागण्यापेक्षा ते बरे. सहकाऱ्याला दाखवून भाषा सुधारून घेणे हेदेखील संस्थेच्या पूर्वपरवानगीखेरीज करू नये.

प्रश्न : आमच्या शिक्षणसंस्थेने प्राध्यापकांसाठी अंतर्गत संशोधन-निधी सुरू केला आहे. अर्ज आणि गुण दोन्ही गूगल फॉर्मवरून घेतो. प्रत्येक अर्ज तीन परीक्षकांकडे जातो. एका अर्जाला ८६, ८१ आणि ४२ असे गुण मिळाले, दुसऱ्याला ७१, ७० आणि ७२. सरासरीने दुसरा वर गेला आणि पहिल्या अर्जदाराने आक्षेप घेतला. न्याय कसा करावा?
– संशोधन-समितीचे निमंत्रक, सांगली

उत्तर : पहिल्या अर्जाची सरासरी ६९.६७ येते, दुसऱ्याची ७१. मधले मूल्य, म्हणजे मध्यक, धरले तर पहिल्याचे ८१ होते आणि दुसऱ्याचे ७१ राहते, म्हणजे क्रम उलटतो. तेव्हा सरासरी की मध्यक, हे निकाल पाहून ठरवले तर ते सूत्र निवडणे नव्हे, अर्जदार निवडणे होय. पुढच्या वर्षाचे सूत्र आताच, अर्ज येण्यापूर्वी, लेखी ठरवावे.

या वर्षापुरते, ४२ देणाऱ्याने काय लिहिले आहे ते उघडून वाचावे. ‘प्रस्तावित चाचणीसाठी लागणारे उपकरण संस्थेत नाही आणि अंदाजपत्रकातही नाही’ असे लिहिले असेल, तर ते तपासता येण्याजोगे विधान आहे. ते खरे निघाले, तर ८६ आणि ८१ देणाऱ्यांच्या नजरेतून ती बाब निसटली. ‘हा विषय आता जुना झाला’ एवढेच लिहिले असेल, तर ते मत आहे, आणि एकट्या मताने अर्ज पाडू नये. काहीच लिहिले नसेल, तर परीक्षकाकडे कारण मागावे आणि न मिळाल्यास चौथा परीक्षक नेमावा. गुणांत ठरावीक फरकाहून, समजा २५ हून, अधिक तफावत आली तर चर्चा अनिवार्य, असा नियम करावा. उत्तरपत्रिकांच्या बाबतीत आपण पुनर्मूल्यांकनाची मागणी रास्त मानतो. निधीच्या बाबतीत ती उद्धटपणा ठरू नये.

तुमच्या पत्रात न विचारलेला, पण त्याहून मोठा प्रश्न परीक्षकांच्या हाताचा आहे. शिक्षकाचा हात विद्यापीठाच्या उत्तरपत्रिकांवर बसलेला असतो. ३५ ला उत्तीर्ण, ६० ला प्रथम वर्ग, ७५ ला विशेष प्राविण्य या खुणा त्याच्या मनातून जात नाहीत, आणि म्हणून प्रस्तावांचे गुणही ५५ ते ८५ या अरुंद पट्टीत गर्दी करतात. त्यात कोणी सढळ असतो, कोणी आखडता. समजा, एका परीक्षकाची त्याला आलेल्या सर्व अर्जांवरील सरासरी ८४ आहे आणि दुसऱ्याची ६१. पहिल्याने दिलेले ७८ हे त्याच्या सरासरीपेक्षा ६ ने खाली आहेत, तर दुसऱ्याने दिलेले ७० हे ९ ने वर आहेत. नुसते आकडे पाहणारा मात्र ७८ ला वर ठेवतो. सरासरीपासूनचे अंतर मोजून ही तफावत काही अंशी भरून काढता येते. परंतु प्रत्येकाला पाच-सहाच अर्ज दिले असतील, तर सढळ वाटणाऱ्याच्या वाट्याला खरोखरच चांगले अर्ज आलेले असू शकतात. त्यामुळे अशा थोड्या अर्जांवर संख्याशास्त्र फार ताणू नये. अर्ज डझनभरच असतील, तर त्याच तिघांनी सर्व अर्ज वाचावेत. अर्ज अधिक असतील, तर वाटप चिठ्ठ्या टाकून करावे. विभागप्रमुखाने वाटलेले अर्ज कसे वाटले जातात, हे सांगायला नको.

शंभराचे मापही सोडावे. ७१ आणि ७२ यांतला फरक कोणताही परीक्षक समजावून सांगू शकत नाही, आणि तुमची क्रमवारी मात्र त्यावर ठरते आहे. एक ते पाच असे माप घ्यावे आणि प्रत्येक आकड्यापुढे वाक्य छापावे. ५ : आहे तसा निधी द्यावा. ४ : किरकोळ दुरुस्तीनंतर द्यावा. ३ : कार्यपद्धतीत सांगितलेला बदल केल्यासच द्यावा. २ : पुन्हा लिहून पुढील वर्षी आणावा. १ : देऊ नये. मग परीक्षकांचे मतभेद आकड्यांत न लपता वाक्यांत दिसू लागतात.

गूगल फॉर्मविषयी तीन सूचना. शेऱ्याचा रकाना अनिवार्य करावा आणि त्यात किमान अक्षरसंख्या घालावी, ती सोय फॉर्ममध्ये आहे. उत्तरांचा सारांश सर्व भरणाऱ्यांना दाखवण्याचा पर्याय बंद ठेवावा, नाहीतर उशिरा भरणारा परीक्षक आधीच्यांचे गुण पाहून आपले ठरवतो. आणि ज्या तक्त्यात उत्तरे जमा होतात, त्याच्या संपादनाचा अधिकार फक्त दोघांकडे असावा. त्या दोघांपैकी कोणीही त्या वर्षीचा अर्जदार नसावा.

प्रश्न : अर्जदाराला माझे नाव कळते का? आणि एकदा सबमिट केलेले गुण बदलता येतात का?
– सहायक प्राध्यापक, वाई

उत्तर : बहुतेक संस्था परीक्षकाचे नाव अर्जदाराला कळवत नाहीत. परंतु ‘माझ्या अमुक निबंधाचा संदर्भ घेतलेला नाही’ असे लिहून पुष्कळ परीक्षक आपणहून ओळख देतात. वर्डमध्ये तयार केलेली फाइल जोडली, तर तिच्या गुणधर्मांत लेखकाचे नाव राहते. ते पुसून मगच फाइल जोडावी. सबमिटनंतर बदल करण्याची खिडकी बहुतेक ठिकाणी आपल्या बाजूने बंद होते, पण मुदत संपलेली नसेल तर कार्यक्रम-अधिकाऱ्याला ईमेल करून ती पुन्हा उघडून घेता येते. त्या ईमेलमध्ये कोणता आकडा, कोणत्या निकषासमोर आणि का बदलायचा आहे ते लिहावे, आणि प्रस्तावाचा क्रमांक आवर्जून द्यावा, कारण अधिकाऱ्याच्या यादीत एकाच नावाचे दोन अर्जदार असू शकतात.